बर्फावर नव्हे, बर्फात

दामलेबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आधी आमचा फ्रीज पाहिला आणि मग आम्हाला पाहिलं.

दुबईत अल बर्शातल्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. समोरच्या दारावर ‘डॉ. निर्मला दामले’ अशी पाटी वाचून माझी बायको केतकी हरखून गेली. परक्या मुलखात शेजारी डॉक्टर, आणि तीही मराठी! मुलीच्या खोकल्यापासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळ्याची सोय झाली, असा हिशेब करून तिने बाईंना चहाला बोलावलं. बाई आल्या. उंच, सडसडीत, कानात मोत्याच्या कुड्या, पायात पांढरेशुभ्र बूट आणि खांद्याला तिजोरीएवढी जड पर्स. मी ‘या, बसा’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “बसते हो. आधी हात कुठे धुऊ?”

हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या त्या परत येईनात. जाऊन पाहतो तर फ्रीजचं दार सताड उघडं आणि बाई आत डोकं घालून उभ्या.

“सामंत,” आतून आवाज आला, “हे बांगडे वरच्या फळीवर कुणी ठेवले?”

मीच ठेवले होते. मी ताबडतोब केतकीकडे पाहिलं.

“बांगड्याचं पाणी खाली गळतंय. खाली काय आहे? श्रीखंड. उद्या काय खाणार तुम्ही? मासा नेहमी खालच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात. आणि हा फ्रीज थंड नाहीये हो. हे नुसतं आत दिवा असलेलं कपाट आहे.”

असं म्हणून त्यांनी पर्समधून एक लांब सुईचा थर्मामीटर काढला आणि आमच्या दह्यात खुपसला. आकडा बघून त्यांनी जी मान हलवली, तशी मान मी फक्त रुग्णालयाच्या दारात बघितली आहे. आमची मुलगी इरा तेव्हा शाळकरी होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “डॅड, इज शी फ्रॉम द म्युनिसिपॅलिटी?”

नव्या घरात लोक गणपतीची मूर्ती देतात, भिंतीवरचं घड्याळ देतात. दामलेबाईंनी दुसऱ्या दिवशी लाल रिबीन बांधलेला फ्रीजचा थर्मामीटर दिला. “चारच्या वर काटा गेला की मला हाक मारा,” म्हणाल्या. जणू बाळाचा तापच.

त्या डॉक्टर होत्या, पण माणसांच्या नव्हे. जंतूंच्या. खाण्याचे पदार्थ तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत त्या मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि त्यांचं खास खातं होतं मासे. बोटींवरून, हॉटेलांतून, कुठकुठल्या कंपन्यांच्या शीतगृहांतून त्यांच्याकडे माशांचे नमुने यायचे आणि त्यांत हिस्टामीन किती आहे ते बाई सांगायच्या. हे हिस्टामीन म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही सांगेन. बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशा माशांच्या अंगात एक निरुपद्रवी द्रव्य असतं. मासा उबेत राहिला की त्याच्या कल्ल्यांतले आणि पोटातले जंतू कामाला लागतात आणि त्या द्रव्याचं हिस्टामीन करून ठेवतात. ते पोटात जास्त गेलं की माणूस लालबुंद होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते.

“फार मेहनती मंडळी हो,” बाई जंतूंबद्दल बोलायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात माहेरच्या माणसांचा अभिमान असायचा. “पगार नको, रजा नको. फक्त जरा ऊब द्या, की लागले कामाला.”

आता गंमत ऐका. ही मासेतज्ज्ञ बाई साताऱ्याच्या अशा घरातली, की जिथे कांदासुद्धा चातुर्मासात घराबाहेर. त्यांनी जन्मात मासा चाखलेला नव्हता. वाससुद्धा सोसायचा नाही. प्रयोगशाळेत जाताना त्या गालात एक वेलदोडा धरायच्या आणि तो संध्याकाळपर्यंत पुरवायच्या. मी एकदा म्हटलं, “बाई, इतकी वर्षं माशांत काढलीत, एकदा चव तरी बघा.” त्या म्हणाल्या, “पोलीस चोरी करून बघतो का?”

त्यांचा संसारही उलटा होता. आमच्याकडे नवरा आखातात आणि बायको गावी, ही रीत. इथे बाई दुबईत आणि दामले पुण्यात. ते संस्कृतचे प्राध्यापक, त्यांना वाळवंटात करमेना. रोज संध्याकाळी दोघांचा फोन व्हायचा. आमच्या भिंतीला कान लावावा लागत नसे, इतका बाईंचा आवाज खणखणीत. ‘जेवलात का’, ‘तब्येत कशी आहे’ असलं काही नाही. पहिलं वाक्य: “भात फ्रीजमध्ये टाकलात का?” पलीकडून बहुधा एखादं सुभाषित येत असावं, कारण बाई म्हणायच्या, “ते कालिदासाच्या काळी ठीक होतं.”

त्यांच्याबरोबर मासळीबाजारात जाणं हा एक सोहळा असायचा. शनिवारी सकाळी आम्ही दोघं निघायचो. मला मासे हवे असायचे आणि त्यांना माणसं बघायची असायची, कोण मासा कसा हाताळतो ती. देरा बाजूच्या त्या भल्यामोठ्या वातानुकूलित बाजारात ओळीने विक्रेते उभे. केरळचे, बांगलादेशचे. मला सगळे ‘बॉस, बॉस’ म्हणून ओढायचे. मागून दामलेबाई दिसल्या की एकदम शांतता. मग कुणीतरी हळूच फावडं घेऊन बर्फ ओढू लागायचा.

“थल्ज, हबीबी, थल्ज!” बाई ओरडायच्या. अरबीतला बर्फ हा शब्द त्या अशा उच्चारायच्या की ऐकूनच थंडी वाजावी.

“डॉक्टर मॅडम, एकदम फ्रेश. आंख देखो इसकी.”

“आंख झूठ बोलती है. ये ऊपर क्यों सजाया? नीचे डालो. ढको.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “बर्फावर ठेवतात तो फोटोसाठी, सामंत. बर्फात ठेवतात तो खाण्यासाठी. बर्फावर नव्हे, बर्फात.”

आमच्या मराठी मंडळींची एक खास रीत होती, आणि बाईंचं सगळ्यात मोठं युद्ध तिच्याशीच होतं. शनिवारी सकाळी मासे घ्यायचे, तिथेच साफ करून घ्यायचे, पिशवी गाडीच्या डिकीत टाकायची. मग ‘आलोच आहोत तर’ म्हणून करामा भागात मिसळ खायची. ‘आलोच आहोत तर’ म्हणून वाणसामान घ्यायचं. मग ऊद मेथाला मुलीचा नाचाचा क्लास. दुबईतल्या डिकीत, उन्हाळ्यात! घरी पोचेपर्यंत त्या सुरमईने अख्खी दुबई पाहिलेली असायची. मीही तेच करायचो. बाई पहिल्यांदा माझ्याबरोबर आल्या त्या दिवशी मी करामाच्या दिशेने गाडी वळवली, तर त्यांनी दार उघडायला सुरुवात केली.

“अहो, चालू गाडी आहे!”

“मग थांबवा. एकतर मासा घरी जाईल, नाहीतर मी टॅक्सीने जाईन.”

मासा घरी गेला. मिसळ राहिली. पुढच्या शनिवारपासून माझ्या डिकीत बाईंनी दिलेली निळी बर्फाची पेटी कायमची बसली.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ती दादू परबाची.

करामात एका गल्लीत दादूची छोटीशी खानावळ होती. मालवणी थाळी. दादू देवबागकडचा, म्हणजे माझ्याच मुलखातला. त्याचं बांगड्याचं तिखलं खाऊन जुमेरा लेक टॉवर्समधले टाय लावलेले लोक टाय सोडून बोटं चाटत बसायचे. मी स्वतः त्यांतला एक. आणि मग हळूहळू काहीतरी बिघडलं. तिखल्यात जीव राहिला नाही. एक दिवस आंबट, एक दिवस अळणी. लोक दोनदा सोसतात, तिसऱ्यांदा दुसरी गल्ली धरतात. खानावळीतली टेबलं रिकामी दिसू लागली.

मी एकदा धीर करून विचारलं, “दादू, हात बदलला काय रे?”

दादू माझ्यासमोर बसला आणि जे बोलला त्याने माझा घास हातातच राहिला. “भाऊ, हात तोच हा. जीभ नाय. माका मासो वर्ज्य झालो.”

घडलं होतं ते असं. एकदा त्याने घरी बांगडा खाल्ला आणि थोड्याच वेळात चेहरा, मान, छाती शेंदूर फासल्यासारखी लाल. अंगभर गांधी, छातीत धडधड. दवाखान्यात नेलं. गोळी दिल्यावर उतरलं. तिथे सांगितलं, माशांची ॲलर्जी असू शकते, पुढे तपासून घ्या. दादूने ‘असू शकते’ आणि ‘तपासून घ्या’ एवढं सोडून बाकीचं ऐकलं. काही महिन्यांनी राहवलं नाही म्हणून पुन्हा बांगडा खाल्ला आणि पुन्हा तेच. झालं. त्या दिवसापासून मासा बंद. चाखणंसुद्धा बंद. ॲलर्जीची गोळी मात्र अंगाऱ्याच्या पुडीसारखी कायम खिशात.

मग कालवण चाखायचं कुणी? त्याची बायको सुलूवहिनी चाखू लागली. वहिनी गुणाची बाई, पण तिला ब्लडप्रेशर. मिठाचा चमचा तिच्या हातात आला की चमचाच घाबरायचा. शिवाय नवऱ्याला विचारायची सोय नाही. दोघांत रोज भांडण. “तुझ्या जिभेक काय झाला?” “तुमच्या जिभेचा बघा आधी!”

“आता काय करणार?” मी विचारलं.

“लायसन रिन्यू करूचा हा. नाय करणंय,” दादू म्हणाला. “मेवणो म्हणता, मालवणी बोर्ड उतर, पोह्या-मिसळीचा लाव. ता माका चाखूक येता.” आणि तो हसला. मालवणी माणूस असा हसला की समजावं, आत रडतोय.

मी घरी आलो आणि थेट समोरची बेल वाजवली. बाईंच्या दारात खोकी उभी होती. त्या निवृत्त होऊन पुण्याला परतायच्या तयारीत होत्या. मी सगळी हकीकत सांगितली. बाईंनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली.

“दोन्ही वेळा बांगडाच?”

“हो.”

“कुठला?”

“कुठला म्हणजे? बांगडा.”

“सामंत, तुम्ही इतकी वर्षं माझ्याबरोबर बाजारात येऊन हेच शिकलात? चला. वेलदोडा घेते.”

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. दादूने बाईंना सोलकढी दिली. बाईंनी आधी हात धुतले, मग त्याला धुवायला लावले, मग मलाही, आणि खटला सुरू केला.

“त्या दिवशीचा बांगडा कुठून आणलात?”

दादूची छाती फुगली. “गावचो! मेवण्यान हाडलेलो. हयचो नाय. हयच्या माशाक चव खय आसा?”

“दुसऱ्यांदा?”

“तोय गावचो.”

हे मात्र फक्त आमच्या लोकांनाच सुचतं बरं का. समुद्राकाठच्या शहरात राहायचं, रोज ताजे मासे विकायचे, आणि स्वतः खायला गावाहून बॅगेत भरून मासा आणायचा! आमच्या घरीही तो येतो. त्याला पाहुण्यांपेक्षा जास्त मान असतो.

बाईंनी त्या बांगड्याचा प्रवास असा काढून घेतला, जसा पोलीस संशयिताकडून काढतात. पहाटे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तिथे मासा घेतला. मग? स्कूटरला पिशवी अडकवून घरी. बर्फ? “बर्फ कित्याक? ताजो मासो!” मग परसात विळीवर साफ केला. विळी धुतली होती? सकाळपासून सगळे मासे तिच्यावरच. मग? मग मेहुणा निरोप घ्यायला चार घरं फिरला. मासा टोपात, वर ताट. संध्याकाळी फ्रीझरमध्ये. वीज होती? दादूने मान खाली घातली. वीज गेली होती. मग थर्माकोलची पेटी, विमान, टॅक्सी, दादूचा फ्रीझर.

“पण बाई, फ्रीझरात दगड झालेलो,” दादू म्हणाला.

“दगड नंतर झाला. आधी दिवसभर उन्हात फिरला. जे व्हायचं ते तेव्हाच झालं. थंडीने पुढचं काम थांबतं, झालेलं काम पुसलं जात नाही.”

“वास नव्हतो.”

“त्याला वास नसतो.”

“कोकमाच्या आगळात धुतलेलो, हळद लावलेली, कडकडीत तळलेलो!”

बाई पुढे झुकल्या. “तळल्यावर जंतू मेले. त्यांनी करून ठेवलेलं विष नाही मेलं. चोराला फाशी दिली म्हणून गेलेला दागिना परत येतो का, परब?”

दादू चिडला. चूक नव्हतं त्याचं. “तुमी मासो खाणास नाय,” तो म्हणाला, “आणि माका मासो शिकवतास?”

मी खुर्ची जरा मागे घेतली. पण बाई मुळीच रागावल्या नाहीत. त्यांनी मान वळवून सुलूवहिनीला विचारलं, “त्या दिवशी तुम्ही खाल्ला होता?”

“एक तुकडी. ह्यांच्या ताटातली.”

“काही झालं?”

वहिनी आठवू लागली. “कान गरम झालेले. मानेक खाज. मी म्हटलंय, घामोळा.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदाय घामोळाच...” आणि वहिनी थांबली. बघत राहिली. “जानेवारीत खयचा घामोळा?”

दादू बायकोकडे बघत होता. ॲलर्जी नवऱ्याची आणि खाज बायकोला, हे जमत नाही, एवढं त्याला बरोबर समजलं.

“म्हणजे माका ॲलर्जी नाय?”

आता दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, नाही. मीच म्हणणार होतो. दामलेबाई म्हणाल्या, “ते मी सांगणार नाही. मी जंतूंची डॉक्टर आहे, माणसांची नाही. माझा संशय मासा ठेवण्याच्या पद्धतीवर आहे, तुमच्या शरीरावर नाही. पण संशयावर मासा खायचा नसतो. ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जायचं. घरी, लपूनछपून, एक घाससुद्धा नाही. शपथ घ्या.”

“कोणाची?”

“देवबागच्या समुद्राची.”

घेतली त्याने.

ॲलर्जीचा डॉक्टर एक तरुण मल्याळी होता, मिशीत हसणारा. त्याने रक्त तपासलं, हातावर टोचून पाहिलं. ॲलर्जीची खूण दिसली नाही. पण त्याचंही मत तेच, की खात्री करायची तर दवाखान्यात, त्याच्या डोळ्यांसमोर, औषधं आणि इंजेक्शन तयार ठेवून, कणाकणाने मासा खाऊन बघायचा. त्याआधी काही दिवस खिशातली गोळी बंद. दादूला तो मासा घरून शिजवून आणायला सांगितलं.

आणि तारीख मिळाली ती नेमकी बाईंच्या परतीच्या दिवसाची. सकाळी दवाखाना, दुपारी विमान.

“बाई, तुम्ही नका येऊ,” मी म्हटलं. “मी फोन करून कळवतो.”

“आणि मासा कोण आणणार? तुम्ही? मिसळ खात?”

त्या दिवशी पहाटे मी आणि बाई बाजारात. त्यांच्या दोन बॅगा माझ्या मागच्या सीटवर, डिकीत बर्फाची पेटी. आदल्या दिवशी त्यांनी त्याच विक्रेत्याकडचे, त्याच बोटीचे बांगडे आपल्या प्रयोगशाळेत तपासून घेतले होते. निवृत्त बाईचा शेवटचा हट्ट म्हणून सगळ्यांनी ऐकलं. आज त्यांनी स्वतः उभं राहून मासा निवडला, चुरा केलेला बर्फ खाली, वर, मध्ये भरला आणि पेटीवर हात ठेवून बसल्या. सिग्नल लागला की मला म्हणायच्या, “यल्ला, यल्ला, चला लवकर,” जणू सिग्नल मीच लावलाय.

दादूच्या स्वयंपाकघरात मासा चिरायला नवी फळी, धुतलेली सुरी. बाईंनी कल्ले आणि आतडी वेगळी काढायला लावली, ती लगेच बाहेर, सुरी पुन्हा धुवून मगच तुकड्या. दादू मासा धरीना.

“मी मेलंय तर हिका बघतलो कोण?” तो म्हणाला.

“गप ऱ्हवा,” वहिनी म्हणाली. “तुमी मेल्यार मी मिसळ विकीन.” आणि सुरी स्वतः हातात घेतली. साधं, कमी मसाल्याचं तिखलं तिनेच रांधलं. चाखलंही तिनेच.

दवाखान्यातल्या त्या खोलीला एका बाजूने काच होती. आत दादू खुर्चीवर ताठ, शेजारी वहिनी डबा घेऊन, समोर डॉक्टर आणि नर्स. बाहेर बाकावर मी आणि दामलेबाई, आणि बाईंच्या दोन बॅगा. डॉक्टरने पहिला कण दिला. मोहरीएवढा. दादूने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि गिळला.

मग थांबायचं. डॉक्टर नाडी बघतोय, नर्स गळ्यावर, पोटावर लालसरपणा शोधतेय. काही नाही. मग थोडा मोठा तुकडा. मग थांबायचं. मी घड्याळ बघत होतो.

“बाई, चेक-इन सुरू झालं असेल.”

“होऊ दे.”

आणखी एक तुकडा. दादूचे डोळे आता उघडे होते. त्याच्या खांद्यांतला ताठा उतरू लागला. चौथ्या घासाला तो नुसतं गिळत नव्हता, चावत होता. इकडे बाई बाकावरून उठल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघायला वळलो आणि बघतच राहिलो.

आई लेकराला भरवते तेव्हा तिचं स्वतःचं तोंड उघडतं ना, तसं दादूने घास उचलला की दामलेबाईंचं तोंड उघडत होतं. दादूने तो तोंडात घातला की बाईंचं मिटत होतं. दादू चावायचा, यांचा जबडा हलायचा. जन्मात मासा न चाखलेली ती साताऱ्याची बाई काचेबाहेर उभी राहून अख्खा बांगडा खात होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मी बोललो नाही. बोललो असतो तर थांबल्या असत्या.

“बाई, आता खरंच निघायला हवं.”

“थांबा हो. शेवटचा राहिलाय.”

शेवटचा चांगला मोठा होता, पोटाची तुकडी, रस्सा लावून. दादूने तो सावकाश चावला. आणि एकदम त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने चावणं थांबवलं. वहिनीकडे वळून काहीतरी बोलला. वहिनी डबा टाकून उठली, तोंडाला पदर लावून धावत बाहेर आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. “काय झालं? गांधी उठल्या? श्वास लागतोय?”

वहिनीला हसू आणि रडू एकाच वेळी येत होतं. काचेआड डॉक्टर मिशीत हसत होता. शेवटी वहिनी म्हणाली, “मीठ कमी हा म्हणता!”

दामलेबाईंनी तोंडातलं सावकाश गिळलं. म्हणजे जे नव्हतं ते. जरा विचार केला.

“हं,” त्या म्हणाल्या, “मलाही वाटलंच.”

आणि बॅग ओढत लिफ्टकडे चालू लागल्या.